खांब होता, टेबल झालं : माळवदाच्या जुन्या लाकडाचं आपण काय करतो



परांडा तालुक्यातल्या एका गावातून आम्हाला फोन आला होता. आम्ही काही जण गेली काही वर्षं धाराशिव जिल्ह्यातली माळवदाची घरं मोजतो, त्यांचे नकाशे काढतो, हे त्या गृहस्थांना कुणीतरी सांगितलं होतं. घर नऊ खणांचं. मागचे तीन खण एका पावसाळ्यात बसले, पुढचे सहा उभे आहेत. हे स्वतः पुण्यात नोकरीला, आई गावी एकट्या. लाकडाचा व्यापारी येऊन गेला होता. त्यानं खांबावर नखानं ओरखडा काढला, वास घेतला, वर कडीपाटाकडे बॅटरी मारली आणि घरातलं सगळं लाकूड खंडून मागितलं. दरवाजा, चौकटी, खांब, तुळया, फळ्या, देवघराची कमान, सगळं. विसारही देऊन गेला. फोनवर प्रश्न एकच होता: "देऊन टाकू का?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी हे लाकूड जातं कुठं ते पाहू. घरसजावटीची मासिकं, हॉटेलांचे फोटो, पुण्यामुंबईच्या आसपासची फार्महाऊसं तुम्हीही बघता. 'वाड्याचा फील' हा शब्द आता इंटिरिअर डिझायनरच्या तोंडी रुळलाय. वाड्याचा दरवाजा आडवा पाडून त्यावर काच टाकली की डायनिंग टेबल होतं. खांबाचे दोन तुकडे केले की दोन लॅम्पस्टँड. गणेशपट्टी टीव्हीच्या वर जाते. तुळई उभी चिरून तिच्या मांडण्या होतात, आणि खांबाखालचा दगडी तळखडा कुंडी ठेवायला बागेत. अशा एका टेबलावर आम्ही जेवलो आहोत. दरवाजाच्या लोखंडी चुका काचेखाली रांगेत दिसत होत्या आणि कोयंडा काढायचा राहून गेला होता, तो प्रत्येक घास घेताना गुडघ्याला लागत होता. यजमान कौतुकानं म्हणाले, "दीडशे वर्षांचं सागवान आहे, मराठवाड्यातलं." मराठवाड्यात कुठलं? ते त्यांना ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, यात एवढं बिघडलं काय? जळणात गेलं असतं ते टेबल झालं. हा मुद्दा खरा आहे, आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. गावात सागाच्या फळ्या चुलीत गेलेल्या आम्ही पाहिल्यात. कोरीव हस्त जनावरांच्या गव्हाणीला टेकू म्हणून लावलेला पाहिलाय. त्यापेक्षा टेबल बरं. पण टेबलाचं कौतुक करण्याआधी ते लाकूड आधी काय करत होतं हे कळायला हवं. त्यासाठी माळवदाखाली जाऊन उभं राहावं लागेल.

माळवदाचं घर म्हणजे दोन घरं एकात एक घातलेली असतात. बाहेरचं घर दगडाचं, मातीत रचलेलं. आतलं घर लाकडाचं. खांब तळखड्यावर उभा, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. गरिबाच्या घरी फळ्यांच्या जागी बाभळीच्या फांद्या नाहीतर तुराट्या. त्यावर माती आणि सगळ्यात वर पाणी न झिरपणारी पांढरी माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं आणि घराची ऐपत खणांत सांगायची. चौरस फूट हा हिशोब नंतर आला. आपला जिल्हा अवर्षणाचा, जंगल नावापुरतं. त्यामुळे सागवान परमुलखातून विकत आणलेलं असायचं, आणि म्हणून जपलेलं. एका पिढीचा वाडा मोडला की त्याचे खांब पुढच्या पिढीच्या घरात उभे राहायचे. आज ज्याला आपण 'जुन्या लाकडाचा पुनर्वापर' असं भारदस्त नाव देतो, ते आपल्याकडे सुतार आणि घरधनी यांचं नेहमीचं काम होतं. आम्ही मोजलेल्या बऱ्याच घरांत खांबांना अशा खाचा सापडतात, ज्यांचा त्या घरात काहीच उपयोग नाही. तो खांब त्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात उभा होता.

आता वजनाकडे या. दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. वर दीड फूट माती. म्हणजे दीडशे घनफूट झाली. एका घनफुटाला साधारण पंचेचाळीस किलो धरा, तर पावणेसात टन होतात. एका खोलीवर. आणि दीड फूट ही फार जाडी नव्हे. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. पणजोबांनी घातलेली माती, आजोबांनी घातलेली माती, सगळी तिथंच. हे ओझं पिढ्यान्‌पिढ्या कुणी पेललं? त्या खांबानं, ज्याचा आता लॅम्प झालाय.

इथं ३० सप्टेंबर १९९३ बद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुमच्यातले काही जण उमरगा-लोहाऱ्याकडचे असतील, त्यांना आम्ही काय सांगणार? गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. आणि त्या दिवसानंतर या भागातल्या माणसाच्या मनातून जुनं घर उतरलं. दगड नको, माती नको, लाकूड नको, स्लॅब पाहिजे. जे आपल्या माणसांच्या अंगावर पडलं त्यावर विश्वास कसा ठेवायचा? या भीतीला नावं ठेवायचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही.

पण पडलं नेमकं काय, हे ढिगारे पाहणाऱ्या अभियंत्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. ते लोकांपर्यंत नीट पोचलं नाही, असं आमचं मत आहे. आपल्या जाड भिंती दोन पदरांच्या. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार लांब दगड फारसा कुठं घातलेला नव्हता. हादरा बसला, पदर सुटले आणि दगड घरात कोसळले. ज्या घरांत खांबच नव्हते, तुळया थेट भिंतीवर ठेवलेल्या होत्या, तिथं भिंतीबरोबर छतही मातीसकट खाली आलं. आणि ज्या घरांत माळवदाचं ओझं खांबांवर होतं, अशा अनेक घरांत भिंती ढासळूनही लाकडाचा सांगाडा आणि वरचं छत उभं राहिलेलं दिसलं. सगळीकडे नाही. पण जागोजाग दिसलं.

लोहारा तालुक्यात पुनर्वसन झालेल्या एका गावात आम्ही नकाशे काढत हिंडत होतो. ही गावं तुम्ही पाहिली असतील. सरळ रेषेत रस्ते, जमिनीच्या हिशोबानं अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं. एका घरापुढं पत्र्याची पडवी होती आणि तिला चार खांब होते सागवानी, जुने, चौकोनी बुंध्याचे, वर हस्त. एका खांबाला मोटारसायकल टेकवलेली, दुसऱ्याला दोरी बांधून ज्वारीची कणसं टांगलेली. तळखडे मात्र आकारानं वेगवेगळे. जुन्या गावातून मिळतील ते आणलेले होते. घरातल्या आजी बाहेर येऊन बसल्या. आम्ही विचारलं, आजी, हे खांब कुठले?

"जुन्या घरातलं. समद्यांनी इकलं तवा. आमी ह्ये चार ठिवलं." मग थोड्या वेळानं, आम्ही काही न विचारता: "ह्यांच्या खालनं आमी जिते निघालो."

शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "त्यांच्या घरी झालं तसं. आमच्या सासऱ्याच्या डोक्यात तुळईच पडली." दोघींचंही खरं. काकूंच्या घराला खांब नव्हते, तुळया भिंतीवर होत्या, हे त्यांच्याशी बोलता बोलता उलगडलं. एकाच आळीत एकाला लाकडानं वाचवलं आणि दुसऱ्याला मारलं. फरक लाकडाच्या जातीत नव्हता. ते घरात कुठं उभं होतं आणि कशावर टेकलं होतं, त्यात होता.

आमच्या मते, जुन्या लाकडाच्या वापराचा या जिल्ह्यातला सर्वांत चांगला नमुना ती पत्र्याची पडवी आहे. तिचा फोटो कुठल्याही मासिकात येणार नाही. पत्रा गंजलाय, खांबांना निळा ऑइलपेंट फासलाय, आणि हस्ताला केबलची वायर गुंडाळलेली आहे. पण खांब खांब म्हणून उभा आहे. त्याच्यावर वजन आहे, त्याच्याखाली माणसं बसतात, आणि तो कुठून आला हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फार्महाऊसमधल्या लॅम्पकडं यातलं काहीच नाही. त्याच्याकडे वार्निश आहे.

आता आमच्यावर एक आक्षेप येतो, आणि तो चांगला आहे म्हणून सांगतो. एका विद्यार्थ्यानं विचारलं: कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या काय पेलतात? छत तर डोंगरात कोरलेलं, त्याला आधाराची गरजच नाही. म्हणजे निव्वळ देखाव्याचं लाकूड महाराष्ट्रात दोन हजार वर्षांपासून आहे, मग फार्महाऊसवाल्यांनी काय पाप केलं? आम्ही निरुत्तर झालो, खरं सांगायचं तर. नंतर विचार केल्यावर वाटलं की तिथं कारागिरानं निदान कमानीच्या जागी कमानच लावली. लाकडी चैत्यगृहाचं छत कसं असतं हे त्याला माहीत होतं, आणि दगडात गेल्यावरही त्यानं ती आठवण त्याच जागी, त्याच आकारात ठेवली. पोट भरलेलं असताना ताट वाढावं तसं आहे ते, पण ताट ताटासारखं वाढलंय. दरवाजाचं टेबल करणं ही वेगळी गोष्ट झाली. तरीही आक्षेप पुरता फिटत नाही, हे मान्य.

दुसरी बाजू संग्रहालयांची. आपल्याच जिल्ह्यात तेरला उत्तरेश्वराचं विटांचं मंदिर आहे. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा आज तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. हजार वर्षांहून जुनी मानली जाते. ती मूळ जागी उन्हापावसात राहिली असती तर काय उरलं असतं सांगता येत नाही. तिथं लाकूड हलवणं योग्यच होतं, आणि हलवून ते गावातच राहिलं, हे त्याहून चांगलं. पुण्यात केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल आणून उभा केलेला आहे. खोली म्हणून केलेली ती मांडणी आहे, सुटे तुकडे भिंतीला टांगलेले नाहीत. तुम्ही आत शिरता तेव्हा खांबामधलं अंतर, छताची उंची अंगाला कळते. लाकूड जागेवरून हललं तरी त्याची एकमेकांशी असलेली नाती हलली नाहीत. आम्हाला वाटतं, जुनं लाकूड दुसरीकडे नेण्याची कसोटी तिथं पाहायला मिळते. लॉरी बेकर केरळात काम करताना पाडलेल्या घरांतली दारं-खिडक्या, लाकूड सर्रास वापरायचे, पण ते स्वस्त घरासाठी, आणि दार दार म्हणून, खिडकी खिडकी म्हणून. त्यांच्या घरात जुनं दार श्रीमंतीची खूण नव्हतं. आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट उलटी झाली. जुनं दार नव्या दारापेक्षा महाग झालं.

आणि महाग झालं की काय होतं? इथं आमची मुख्य तक्रार आहे. सुरुवातीला व्यापारी पडलेल्या घरांचं लाकूड घ्यायचे. भूकंपानंतर तर ते अमाप होतं. लोकांना पैसा हवा होता आणि जुन्या लाकडाकडं बघवत नव्हतं. तेव्हा ज्यांनी विकलं त्यांना बोल लावायचं काहीच कारण नाही. पण पडलेली घरं संपतात आणि मागणी संपत नाही. मग उभ्या घरांकडं वळावं लागतं. आज गावोगाव फिरणारा माणूस पडकं घर शोधत नसतो, तो दरवाजा शोधत असतो. दरवाजा आवडला की घर पाडायची मजुरीही तोच देतो. अशा लाकडाला 'वाचवलेलं लाकूड' म्हणायचं का? म्हणून आमचा आग्रह आहे की वास्तुरचनाकारानं, घरमालकानं विकणाऱ्याला एवढं विचारावं: हे घर पडलं होतं की पाडलं? गाव कोणतं? उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

'पर्यावरणपूरक' हा शब्दही इथं तपासायला हवा. कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. सागाचं एक घनफूट अठरा-एकोणीस किलो भरतं, म्हणजे प्रत्येक घनफुटात नऊ किलोच्या आसपास कार्बन धरून ठेवलेला आहे. ते जळण्यापासून राखणं चांगलंच. पण हिशोब पुण्याच्या टोकाला सुरू करून चालत नाही. परांड्यातून खांब निघाले की तिथं पोकळी राहात नाही, तिथं सिमेंट आणि सळई येते. फार्महाऊसनं नवं लाकूड वाचवलं, गावातल्या घरानं स्लॅब टाकला. एकाची काटकसर दुसऱ्याच्या खर्चात लिहिली गेली, आणि ताळेबंद मात्र एकाच घराचा छापला गेला. ट्रकच्या डिझेलबद्दल आम्ही बोलतच नाही, ते त्यामानानं किरकोळ आहे.

बरं, स्लॅब वाईट आणि माळवद चांगलं, असं सांगायला आम्ही उभे नाही. उन्हाळ्यात माळवदाखाली गार वाटतं हे पाहुण्यांना वाटतं, आणि खरंही आहे. पण पांढरी माती वाहून आणणं, वर टाकणं, चोपणं, आत सारवणं ही कामं कोण करायचं ते आठवा. फळीतून पडणारी माती ताटात, विंचू अंथरुणात. माळवदाची कविता करणारे बहुतेक जण रात्री स्लॅबखाली झोपतात, आम्हीही. ज्या बाईनं वीस वर्षं गळक्या माळवदाखाली भांडी मांडली, तिनं स्लॅब मागितला तर तिचं काय चुकलं?

पण माळवद आणि स्लॅब यांच्या मधे बरंच काही करता येतं, आणि ते या भागानं करूनही पाहिलंय. भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणाच्या ज्या रीती सुचवल्या गेल्या त्या अगदी साध्या होत्या. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके टेकू मारायचे, म्हणजे सांगाडा बाजूला झुकत नाही. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर बांधले जातात. भिंतीच्या माथ्यावर पट्टा. यात लाकूड जिथं आहे तिथंच राहतं, फक्त त्याचं ओझं कमी होतं. आम्हाला तर वाटतं, जुन्या लाकडाचा सर्वांत मोठा पुनर्वापर म्हणजे ते न हलवणं. पण याला बाजारात भाव नाही. तिरक्या टेकूचा फोटो कोण काढणार?

ज्यांना तरीही जुनं लाकूड घ्यायचंय किंवा स्वतःच्याच पडलेल्या घराचं लाकूड नव्या घरात लावायचंय, त्यांच्यासाठी थोडं. आधी टोकं पाहा. तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं होतं ते ओल आणि वाळवीनं आधी जातं, मधला भाग ठणठणीत असतो. टोच्या घेऊन टोचून बघा, भसकन आत गेला तर तेवढं कापून टाका. हातोडीनं ठोका. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. सागाचा बाहेरचा फिकट भाग भुंगा खातो, आतल्या तपकिरी गाभ्याला तो सहसा लागत नाही, तेव्हा बारीक भोकं दिसली म्हणून सगळं टाकायचं कारण नाही. जुन्या खाचा कुठं आहेत ते मात्र नक्की पाहा. मधोमध खाच असलेली तुळई पुन्हा तुळई म्हणून चढवायची असेल तर जाणकार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको, ती वापरायची तर खांब म्हणून उभी करता येईल का ते बघा. कापायच्या आधी खिळे शोधा. आरागिरणीवाला जुनं लाकूड बघून कुरकुरतो तो उगाच नाही, आत एक खिळा निघाला की त्याचं पातं गेलं.

आणि ऑइलपेंट. हे गांभीर्यानं घ्या. जुन्या रंगांत शिसं असायचं. असा दरवाजा घरातच पॉलिशपेपरनं घासायला बसलात तर ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. ओलं करून, बाहेर, तोंड बांधून काढा, किंवा रंग तसाच ठेवून वर नवा हात मारा. तसंही, घासायची एवढी घाई कशाला? चुलीच्या धुरानं काळं झालेलं लाकूड घासघासून 'नैसर्गिक' करायचं, आणि त्याच वर्कशॉपमध्ये पलीकडं नवीन लाकूड साखळीनं बडवून 'जुनं' करायचं, हे आम्ही एकाच दुपारी पाहिलंय. काळं पडलेल्या खांबावर हाताच्या उंचीला एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा असतो. येता-जाता टेकलेल्या हातांनी, पाठींनी झालेला. वर्कशॉपमध्ये सर्वांत आधी तो जातो.

आता परांड्याच्या त्या घराकडे येतो. फोननंतर महिन्याभरानं आम्ही तिथं जाऊन आलो. पुढचे सहा खण आम्हाला दुरुस्तीजोगे वाटले. खांब सागाचे, एक सोडून सगळ्यांचे बुंधे चांगले. माती दोन फुटांच्या वर होती, आणि खरा धोका तोच. बाहेरच्या एका भिंतीला पोट आलंय. आम्ही सांगितलं: भिंतीला टेकू द्या आणि तिच्याजवळ कुणाला झोपू देऊ नका, हे पहिलं. मग माती उतरवा, वर हलकं छत घाला, टेकू मारा, भिंती बांधून घ्या. मागचे तीन खण पडलेच आहेत, त्यातलं लाकूड आधी याच दुरुस्तीला वापरा. कुजका खांब बदलायला तिथंच एक चांगला खांब पडून आहे. उरेल ते विका, खुशाल विका.

त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, फक्त मागच्या तीन खणांचं घेतोस का? तो नाही म्हणाला. त्याला दरवाजा हवाय, बाकीचं सगळं तो दरवाजासाठी घेतोय. दुरुस्तीचा खर्च आणि व्यापाऱ्याची रक्कम यांचा मेळ बसत नाही, हे आम्हालाही दिसत होतं. आम्ही काही पैसे घालणार नव्हतो, तेव्हा फार जोर करून बोलणंही बरं दिसेना. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय, मी ढाळजंत बसून ऱ्हाते. ढाळज ठिवा म्हंजे झालं." ढाळज दरवाजाला लागूनच आहे. दरवाजा गेला तर तीही जाणार.

परवा पुन्हा बोलणं झालं. विसार अजून देवघरातल्या डब्यात तसाच आहे. पाऊस लागायच्या आत काय ते कळवतो, म्हणाले.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि ज्यांच्या गावी असं घर उभं आहे त्यांनी कार्यक्रमानंतर जरा थांबा, आम्ही वही आणली आहे.